सहा पट्ट्यांचा रॅस ओळखायचा कसा

लक्षद्वीप किंवा अंदमानला जाऊन आलेल्या पुणेकरांच्या फोनमध्ये हल्ली एक फोटो हमखास सापडतो. प्रवाळाच्या फांद्यांत अर्धा दडलेला, बोटाएवढा मासा. जांभळट अंग आणि त्यावर नारिंगी रेघा. ‘हा कोणता?’ असं कुणी विचारलं की उत्तर लगेच येतं, ‘सिक्सलाइन रॅस’. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण कशावरून, असं विचारलं तर ‘पट्टे आहेत की’ यापलीकडे फारसं काही मिळत नाही. आणि पट्टे तर त्याच्या भावंडांनाही असतात.

रॅस म्हणजे लॅब्रिडी कुळातले मासे. या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. बोटभर लांबीपासून दोन मीटरच्या पुढे वाढणाऱ्या हम्पहेड रॅसपर्यंत सगळे त्यात येतात. मासा रॅस आहे की नाही, हे रंगाच्या आधी त्याच्या पोहण्यावरून कळतं. कल्ल्यांमागचे दोन पर वल्ह्यासारखे वर-खाली मारत तो पुढे सरकतो आणि शेपटी नुसती मागे ओढल्यासारखी राहते. पळ काढायची वेळ आली तरच शेपटीचा फटकारा. म्हणून फोटोबरोबर पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ असला, तर निम्मं काम तिथेच होतं.

रॅसच्या बाबतीत नुसत्या रंगावर विसंबणं धोक्याचं आहे. बहुतेक जातींमध्ये पिल्लू, मादी आणि मोठा नर यांचे रंग वेगवेगळे असतात, शिवाय मादीचा नर होतो. १९७२ साली रॉस रॉबर्टसन यांनी सफाई करणाऱ्या रॅसचा, म्हणजे लॅब्रॉइडेस डिमिडिएटसचा, अभ्यास प्रसिद्ध केला. गटातला एकुलता नर नाहीसा झाल्यावर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात, असं त्यांना दिसलं. याच माशाचं पिल्लू काळं असतं आणि त्याच्या पाठीवरून एक झगझगीत निळी रेघ जाते. मोठा मासा फिकट निळसर, त्याचा काळा पट्टा शेपटीकडे रुंद होत जातो. दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही.

त्यात पाणीही रंग खातं. लाल प्रकाश पहिल्या पाच-सहा मीटरांतच बराचसा शोषला जातो. १२ मीटरवर टॉर्चशिवाय काढलेल्या फोटोत सहापट्टीच्या, म्हणजे सिक्सलाइन रॅसच्या, नारिंगी रेघा मळकट तपकिरी दिसतात आणि जांभळं अंग निळंकरडं. मग घरी आल्यावर ॲपमध्ये रंग ‘सुधारले’ जातात आणि मुळात नसलेला रंग माशाला मिळतो. ओळख पटवायची असेल तर न सुधारलेला मूळ फोटोच दाखवावा.

म्हणून रंगाच्या आधी बांधा पाहायचा. सहापट्टीचं शास्त्रीय नाव स्यूडोकायलिनस हेक्साटेनिया. हेक्सा म्हणजे सहा, टेनिया म्हणजे फीत. डच ईस्ट इंडीजमध्ये लष्करी डॉक्टर असलेल्या पीटर ब्लीकर यांनी १८५७ साली त्याचं वर्णन केलं. स्यूडोकायलिनस या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, पक्की खूण आहे तुटलेली पार्श्वरेषा. माशाच्या कुशीवर छिद्रं असलेल्या खवल्यांची एक ओळ असते, पाण्यातली हालचाल टिपण्यासाठी. स्यूडोकायलिनसमध्ये ही ओळ पाठीला धरून मागे जाते, पाठीवरचा पर संपायच्या सुमारास थांबते आणि शेपटीच्या दांड्यावर, बरीच खाली, पुन्हा सुरू होते. हॅलिकोरेस आणि थॅलासोमा या सर्रास दिसणाऱ्या प्रजातींत मात्र ती तुटत नाही. मागच्या बाजूला झपकन खाली वळते आणि तशीच पुढे जाते. उजेड समोरून पडला तर ही ओळ खवल्यांत हरवते. टॉर्च किंचित तिरका धरला की छिद्रांच्या सावल्या पडतात आणि ओळ उठून दिसते.

डोळाही जवळून पाहण्यासारखा आहे. स्यूडोकायलिनसच्या कॉर्नियाचा मधला भाग दोन शेजारशेजारच्या तुकड्यांत विभागलेला असतो, त्यामुळे चांगल्या क्लोजअपमध्ये एकाच डोळ्यात दोन बाहुल्या असल्यासारखं दिसतं. नाकासमोरचे बारीक कवचधारी जीव टिपायला त्याचा भिंगासारखा उपयोग होत असावा, असं मानलं जातं. फोटोत एवढं एक दिसलं तरी हॅलिकोरेस आणि थॅलासोमा बाद.

आता काटे मोजायचे. रॅसच्या पाठीवर एकच लांब पर असतो. त्याचा पुढचा भाग टणक काट्यांचा, मागचा मऊ अरांचा, म्हणजे लवचिक काड्यांचा. स्यूडोकायलिनसला ९ काटे असतात, हॅलिकोरेसलाही ९, थॅलासोमाला ८. काटा शेवटपर्यंत एकसंध आणि टोकदार असतो. मऊ अर टोकाकडे फाटत जातो आणि त्यावर आडवे सांधे दिसतात. मोजणी बहुधा पहिल्याच काट्यावर चुकते, कारण तो आखूड असतो आणि दुसऱ्याला चिकटून पडलेला असतो. म्हणून फोटो पुरेसा मोठा करून डोक्याच्या बाजूने दोनदा मोजावं. पर मिटलेला असेल तर मोजूच नये. अंदाजाने लिहिलेला आकडा न लिहिलेल्या आकड्यापेक्षा वाईट. शटर १/२०० किंवा त्याहून वेगवान ठेवून मासा वळत असताना सलग फोटो घेतले, तर पर उघडलेली एखादी चौकट मिळून जाते.

एवढं झाल्यावर पट्ट्यांकडे यावं. पट्टे मोजताना पाठीच्या पराच्या बुडापासून सुरुवात करावी आणि अंगाच्या मध्यावर मोजावेत. डोक्यावर रेघा तुटतात आणि शेपटीकडे एकमेकींजवळ येतात, त्यामुळे तिथे मोजलं तर पाच किंवा सातही भरतात. जांभळट अंगावर सहा नारिंगी रेघा, पोटाकडचा भाग बिनरेघांचा, शेपटी हिरवट, हनुवटीवर बारीक ठिपके. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला, एक छोटा काळा ठिपका. तो दिसला नाही तर घाई करू नये, कारण आठपट्टीला, म्हणजे स्यूडोकायलिनस ऑक्टोटेनियाला, तो नसतो. आठपट्टीच्या फिकट गुलाबी-पिवळसर अंगावर आठ गडद रेघा असतात. याच प्रजातीतला इव्हॅनिडस विटकरी लाल, त्याच्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा आणि गालावर निळसर पांढरा पट्टा. चारपट्टीचा टेट्राटेनिया पॅसिफिकचा रहिवासी आहे. लक्षद्वीपच्या फोटोखाली ते नाव दिसलं तर आधी मोजणी तपासावी. सहापट्टी मात्र तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून मध्य पॅसिफिकपर्यंत पसरलेला आहे.

लांबीवरून ठरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. सहापट्टी जास्तीत जास्त १० सेंमीच्या आसपास, आठपट्टी साधारण १३.५ सेंमीपर्यंत. पण पाण्यात मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. १० सेंमीचा मासा १३ सेंमीचा भासतो आणि सहापट्टीची आठपट्टी होते. त्यात काही पुस्तकं शेपटीसकट लांबी देतात, काही शेपटीच्या बुडापर्यंतचीच. आकडा जुळवण्याआधी तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे बघून घ्यावं.

सफाई करणाऱ्या रॅसचाही एक तोतया आहे, ॲस्पिडॉन्टस टीनिएटस नावाचा, ब्लेनी या वेगळ्या कुळातला मासा. रंग तोच, पट्टा तोच, ऐटही तशीच. मोठे मासे साफसफाईच्या आशेने जवळ आले की हा त्यांच्या अंगाचा लचका तोडतो. ओळख तोंडावर: रॅसचं तोंड नाकाच्या टोकाशी असतं, तोतयाचं नाकाखाली, शार्कसारखं. शिवाय तोतयाचा पाठीवरचा पर थेट मानेपासून सुरू होतो.

हे आकडे आणि मोजमापं लागतात, कारण संग्रहालयात रंग उरत नाही. मासा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. काही दिवसांत जांभळा काय नि नारिंगी काय, सगळंच पिवळट-पांढरं होतं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा ठिकाणी बरणीतल्या माशाची ओळख उरते ती काटे, खवले, दात आणि पार्श्वरेषा यांवरच. ही उणीव भरून काढली जॉन रँडल यांनी. आठशेहून जास्त माशांना नावं देणारे हे शास्त्रज्ञ ताज्या माशाचे पर टाचणीने उघडून, रंग जायच्या आत फोटो काढत. स्यूडोकायलिनसच्या सात जातींपैकी तीन त्यांनी १९९९ साली वर्णिल्या.

रंग आणि आकडे दोन्ही जुळवल्याशिवाय काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मालदीवमध्ये १९९० च्या दशकापासून माहीत असलेल्या एका देखण्या रॅसला बरीच वर्षं सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस समजलं जात होतं. ते नाव मुळात सुमारे १००० किमी दक्षिणेच्या छागोसमधल्या एकाच पिल्लावरून दिलेलं. त्या जातीचा प्रौढ नर कसा दिसतो, हे ताडून पाहायला काही नव्हतंच. प्रौढ नरांचे रंग, पाठीच्या काट्यांची उंची आणि खवल्यांची संख्या तपासल्यावर ही जात वेगळी निघाली. २०२२ साली तिला नाव मिळालं सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा, मालदीवच्या धिवेही भाषेतल्या ‘गुलाब’ या अर्थाच्या शब्दावरून. नाव देणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचे संशोधकही होते. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटं समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर आहेत. तिथे काढलेल्या नीट, मूळ रंगातल्या फोटोची किंमत त्यावरून कळावी.

पुण्यात बसून सराव करायचा तर समुद्री माशांची टाकी बरी. निळ्या एलईडीत सहापट्टीचे रंग खोटे दिसतात. फोटोपुरता पांढरा दिवा पूर्ण लावावा. कॅमेरा काचेला काटकोनात धरावा, तिरकं धरलं की बांधा ताणल्यासारखा येतो. लाटांचा पंप पाच मिनिटं बंद करून थोडा आर्टेमिया (माशांना खाऊ घालतात ते बारीक कवचधारी जीव) सोडला की दडून बसलेला मासा बाहेर येतो. काचेबाहेर छोटा आरसा धरला तर प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून तो सगळे पर फुलवतो. मात्र पाच-सहा सेकंदांतच आरसा काढावा, एरवी तो काचेवर धडका मारत राहतो. समुद्रात यातलं काहीही करायचं नाही. खाणं टाकायचं नाही, मासा बाहेर यावा म्हणून प्रवाळ हलवायचं नाही. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

दिवे मालवल्यावर तासाभराने मंद लाल टॉर्च घेऊन टाकीत पुन्हा पाहावं. हॅलिकोरेस असेल तर वाळूत शिरलेला असतो, दिसतच नाही. सहापट्टी खडकाच्या फटीत, स्वतःभोवती चिकट द्रवाचा पातळ, पारदर्शक कोश करून झोपलेला असतो. पर बहुधा स्थिर असतात. जागेपणी न जमलेली काट्यांची मोजणी अशा वेळी कधी कधी जमून जाते. फक्त टॉर्च काचेला टेकवू नये, कोशातून दचकून उठला तर तो अंधारात खडकावर आपटतो.