एफटी-८: गोंगाटातून नेमका सूर कसा सापडतो?

"काका, गोंगाटच मोठा असेल तर त्याच्याखालचा सिग्नल ऐकू येतोच कसा?" नुकताच हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा, परवाना मिळालेल्या एका मुलाने मला हे विचारलं. प्रश्न रास्त आहे. एफटी-८ म्हणजे संगणकाच्या मदतीने छोटे निरोप सुरांमधून पाठवायची हॅमची पद्धत, म्हणजेच मोड. तिच्याबद्दल 'गोंगाटाखालचा सिग्नल ऐकणारा मोड' असं इतकं बोललं जातं की ऐकणाऱ्याला ती जादू वाटते. जादू काही नाही. सगळा हिशेब आहे आणि तो सुंदर आहे.

संध्याकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झवर रिसीव्हर लावला की एकाच वेळी पन्नास बासऱ्या बेसूर वाजाव्यात तसं ऐकू येतं. दर पंधरा सेकंदांच्या शेवटी क्षणभर शांतता, की पुन्हा सुरू. यातली प्रत्येक बासरी म्हणजे एक स्टेशन. ते आठ सुरांपैकी एका वेळी एकच सूर वाजवतं, ०.१६ सेकंद. असे ७९ सूर झाले की १२.६४ सेकंदांत निरोप संपतो. शेजारच्या दोन सुरांत अंतर फक्त ६.२५ हर्ट्झ, म्हणजे अख्खं स्टेशन ५० हर्ट्झमध्ये मावतं.

०.१६ आणि ६.२५ हे आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत, आणि गंमत तिथेच आहे. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटभर धक्का देत राहिलात तर तो हळूहळू उंच जातो. वेळीअवेळी दिलेले धक्के एकमेकांना मारतात. संगणक प्रत्येक सुरासाठी असाच एक झोपाळा टांगतो. सूर लयीत धक्के देतो म्हणून त्याचा झोपाळा वाढतो, गोंगाटाच्या धक्क्यांना लय नसते. जितका वेळ ऐकाल तितके जवळचे सूर वेगळे ओळखता येतात: ६.२५ हर्ट्झ अंतरावरचे दोन सूर ओळखायला ०.१६ सेकंद लागतातच.

आता 'गोंगाटाखालचा' म्हणजे काय ते पाहा. एफटी-८ची मर्यादा उणे २१ डेसिबल सांगतात, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या सुमारे १२६व्या भागाइतका. पण हा गोंगाट मोजलेला असतो २५०० हर्ट्झच्या रुंद पट्ट्यात. एका सुराचा कप्पा ६.२५ हर्ट्झचा, त्याच्या वाट्याला ४००वा भाग येतो. म्हणजे आपल्या कप्प्यात तो क्षीण सूर गोंगाटाच्या तिप्पट असतो! सिग्नल गोंगाटाखाली नसतोच, आपण मोजपट्टी रुंद धरलेली असते. निसर्गाचा नियम मोडल्याच्या बाता मारणाऱ्यांना एवढा भागाकार करायला सांगावा.

तरी तिप्पट म्हणजे फार नव्हे, काही सूर चुकीचे ओळखले जाणारच. त्यासाठी निरोप आधी घट्ट आवळलेला असतो. पृथ्वीचे ३२,४०० चौकोन पाडलेत (पुणे एमके ६८, मुंबई एमके ६९), आणि १५ बिटांत (शून्य-एकच्या १५ घरांत) ३२,७६८ आकडे बसतात, म्हणजे ठिकाण १५ बिटांत आटोपलं. कॉलसाइनला, म्हणजे स्टेशनच्या ओळखीच्या नावाला, २८ बिट. असा सगळा निरोप ७७ बिटांचा. त्याला तपासणीचे १४ जोडले की ९१, आणि त्यावर ८३ जादा बिट. किराण्याच्या बिलातली एक रक्कम पुसली गेली तरी एकूण बेरजेवरून ती काढता येते. हे ८३ बिट म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अशा ८३ बेरजा. एकूण १७४. एका सुरात तीन बिट म्हणून सूर ५८, आणि उरलेले २१ वेळ जुळवण्यासाठी.

हे रचलं जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी, २०१७ साली. टेलर म्हणजे जोडपल्सारच्या (जोडीने फिरणाऱ्या, नियमित रेडिओ स्पंद देणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३चं नोबेल मिळवणारे. क्षीण स्पंद गोंगाटातून काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

पण एवढ्याने मोड लोकप्रिय होत नाही. टेलर यांचाच आधीचा मोड जेटी-६५ उणे २५पर्यंत ऐकतो, म्हणजे एफटी-८हून सरसच. त्यात एकेक निरोप मिनिटाचा, एक संपर्क पुरा व्हायला सहा मिनिटं. तेवढ्यात बँड बंद पडतो, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यावर लांबचं ऐकू येणं थांबतं. एफटी-८ने चार डेसिबल सोडले आणि वेळ चौथ्या हिश्शावर आणला. दीड मिनिटात क्यूएसओ, म्हणजे संपर्क, पूर्ण! शिवाय तेव्हा सूर्यचक्र (सूर्यावरच्या डागांचं चढ-उताराचं चक्र) उताराला लागलं होतं, वरचे बँड मलूल होते, म्हणून क्षीण सिग्नल ऐकणारा मोड हवाच होता. जेटी-६५ वापरणाऱ्यांकडे तेच मोफत सॉफ्टवेअर आणि तीच केबल आधीपासून होती. मेन्यूतला मोड बदलला की झालं.

माझी गोष्ट सांगतो. सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नाही, म्हणून चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तिरकी तार बांधली आहे. भोवती एलईडी दिवे आणि चार्जर यांची सतत खरखर. आवाजात बोलून युरोपातून उत्तर येत नाही. एफटी-८वर दहा वॉटमध्ये येतं. शहरात राहणाऱ्या कितीतरी हॅमची हीच स्थिती आहे आणि त्यांना हा छंद या मोडने परत दिला, असं मला मनापासून वाटतं.

जुनी मंडळी म्हणतात, यात गप्पा कुठे आहेत? खरं आहे. १९९८च्या पीएसके-३१ या मोडवर टाइप करून घरादाराची चौकशी करता यायची. इथे कॉलसाइन, ठिकाण, सिग्नलचा आकडा आणि ७३ (हॅमच्या भाषेत निरोपाच्या शुभेच्छा). २०१९ साली एफटी-४ आला, साडेसात सेकंदांचा, दुप्पट वेगाचा. स्पर्धांमध्ये तो चालतो. पण त्याची मर्यादा उणे साडेसतरा, आणि माझ्या गॅलरीतल्या तारेला ते साडेतीन डेसिबल परवडत नाहीत.