मेपलचा वास, मेथीचा डबा

माँट्रियलला राहणारा माझा भाचा डिसेंबरात धुळ्याला आला, तेव्हा आई मेथीचे लाडू वळत होती. परातीवर वाकून त्याने वास घेतला. “आजी, हा तर माझ्या बिअरचा वास!” आईने मान वर केली. “हाई ते मेथी शे!”

दोघांचंही खरं होतं.

तिकडे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला मुभा आहे आणि त्याला मेपलच्या वासाच्या ब्राउन एलचा, म्हणजे एका तपकिरी बिअरचा, नाद आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग म्हणजे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. म्हणून इथे फक्त त्यामागचं विज्ञान.) तो डब्यातल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून सुरुवात करतो. माल्ट आपल्याला परका नाही. बाळासाठी नागली भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, तेच तिकडे जवाचं करतात. मोड येताना दाण्यात अमायलेज ही विकरं वाढतात. भरडलेला माल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की ती स्टार्च तोडून माल्टोज साखर बनवतात. हे गोड पाणी कारखान्यात कमी दाबाखाली आटवतात, म्हणजे ते करपत नाही. डब्यात येतो तो काकवीसारखा दाट पाक.

घरी तो पाण्यात मिसळायचा, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचा, 20 अंशांच्या आसपास निववायचा आणि यीस्ट सोडायचं. आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात यीस्ट पिसाटतं आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं सोडतं. तपकिरी रंग भाजक्या माल्टचा. भाकरीवर डाग पडतात तीच रासायनिक क्रिया.

पहिल्या खेपेला भाच्याने त्यात अर्धा लिटर मेपल सिरप ओतलं. महागाची वस्तू! मेपलच्या झाडाच्या रसात साखर जेमतेम 2 टक्के, म्हणून 1 लिटर सिरपला सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. दोन आठवड्यांनी बाटली उघडली, तर अल्कोहोल जरासं वाढलेलं आणि मेपल गायब. सिरपमधली साखर म्हणजे बहुतेक सुक्रोज, ते यीस्टने फस्त केलं. गोडवा गेल्यावर वासालाही आधार उरला नाही, आणि त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर उडून गेला होता.

मग त्याला मेथी सापडली. मेथीच्या दाण्यात सोटोलॉन नावाचा रेणू असतो. प्रमाण कमी असेल तर मेपल सिरपसारखा, जळक्या साखरेसारखा वास. जास्त झालं की मेथीचा, मसाल्याचा. बनावट मेपल इसेन्स बनवताना मेथीचा अर्क वापरतात तो याचसाठी. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून अधूनमधून हवेत मेपलचा वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये उगम सापडला: शेजारच्या न्यू जर्सीतला, मेथीचे दाणे वापरणारा सुगंधी द्रव्यांचा कारखाना.

सोटोलॉन शरीरातही फारसा मोडत नाही. लाडू खाल्ल्यावर घामाला, लघवीला तो वास येतो. काही अमिनो आम्लं न पचणाऱ्या एका दुर्मीळ, गंभीर आजारातही नवजात बाळाच्या लघवीला हाच वास येतो. त्यामुळे बाळंतिणीने मेथी खाल्ली होती का, हे डॉक्टरांना विचारावं लागतं.

पुढच्या खेपेला भाच्याने 20 लिटरला दोनच चमचे मेथी घातली, हलकी भाजून, भरडून. हे ऐकून आईने डब्यातली मूठभर काढून पुडीत बांधली. मी म्हटलं, एवढी टाकलीस तर कढी होईल.