सणासुदीच्या घरगुती कुकीज

मैदा, साखर आणि बटर किंवा दुसरा एखादा स्निग्ध पदार्थ एकत्र करून, छोटे आकार पाडून ओव्हनमध्ये भाजलेला गोड आणि बहुधा कोरडा खाऊ म्हणजे कुकी. डच भाषेत केकला ‘कूक’ आणि छोट्या केकला ‘कूक्ये’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या परिसरात वसलेल्या डच लोकांकडून हा शब्द अमेरिकी इंग्रजीत आला आणि ‘कुकी’ झाला. ब्रिटनमध्ये अशाच पदार्थाला बिस्किट म्हणतात. त्या शब्दाचे मूळ लॅटिन असून अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. घरी होणारी बहुतेक बिस्किटे आता एकदाच भाजली जातात, नाव तेवढे राहिले.

कुकीज एरवीही होतात, पण डबे भरभरून होतात ते सणाला. कोणत्या सणाला कोणती कुकी, हे निव्वळ चवीने ठरलेले नाही. त्या दिवसांत काय खायला चालते आणि भाजल्यापासून पाहुण्यापुढे जाईपर्यंत किती दिवस जाणार, या दोन हिशेबांनी बहुतेक पारंपरिक कुकीजचे पीठ ठरवले. चांदण्या, हृदये आणि रंगीत आयसिंग ही त्यावरची हौस. म्हणून या कुकीजची मांडणी देशवार करण्यापेक्षा ‘सणाच्या आधी किती दिवस’ या क्रमाने केली, तर त्यांची घडण जास्त नीट कळते.

ओव्हनमधली बारा मिनिटे

पिठाच्या थंड गोळ्यांचा ट्रे 175 ते 180 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग गोळ्यांच्या कडा चकाकू लागतात. बटर 32 ते 35 अंशांनाच वितळते आणि त्याच्या आधारावर उभा असलेला गोळा बसकण मारतो. साखर विरघळून पीठ आणखी सैल होते. बटरच्या वजनाचा साधारण सहावा भाग पाणी असते. त्याची वाफ आणि खाण्याच्या सोड्यातून सुटणारा वायू मिळून कुकी फुगवतात. एवढ्यात अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च घट्ट होतात व पसरणे थांबते. शेवटच्या काही मिनिटांत कडा तांबूस होतात आणि घरभर वास सुटतो. साखर व अमिनो आम्ले यांच्यातल्या मेलार्ड प्रक्रियेची ही खूण.

सारी करामत वितळणे आणि घट्ट होणे यांच्या शर्यतीत आहे. पीठ फ्रिजमध्ये तासभर ठेवले की बटर उशिरा वितळते आणि कुकी जाड राहते. गरम ट्रेवरच दुसरा घाणा लावला की ती पातळ पसरते आणि शेजारणीला जाऊन चिकटते. पांढऱ्या साखरेने कुकी कुरकुरीत होते. ब्राउन शुगर, काकवी किंवा मध घातला की ती ओल धरून ठेवते व मऊ राहते. मध्यभाग जरा ओला दिसत असतानाच ट्रे बाहेर काढावा लागतो, कारण तापलेल्या ट्रेवर कुकी आणखी काही मिनिटे भाजत राहते. नवशिक्याच्या कुकीज कडक होतात त्या बहुधा इथेच. आणखी एक चोर म्हणजे ओव्हनचा आकडा. घरगुती ओव्हन आत दाखवतो तेवढा तापलेला असेलच असे नाही, तेव्हा आत टांगायचा साधा थर्मामीटर महागड्या साच्यांच्या आधी घ्यावा.

महिनाभर आधीच्या कुकीज

नाताळच्या जर्मन परंपरेतील लेबकुखेन, म्हणजे मध-मसाल्याची कुकी, हा या वर्गातला सर्वांत जुना आणि सर्वांत मुरलेला प्रकार. न्यूरेंबर्ग शहर मसाल्यांच्या व्यापारी मार्गावर होते आणि भोवतालच्या जंगलात मध मिळत असे. दोन्ही एकत्र आले आणि शहराचे नाव या पदार्थाला जोडले गेले. ‘न्यूरेंबर्गर लेबकुखेन’ या नावाला 1996 पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे. त्यातल्या ‘एलिझेन’ या उंची प्रकारात किमान 25 टक्के सुका मेवा लागतो आणि मैद्यासारखी पिठे 10 टक्क्यांच्या वर चालत नाहीत. पूर्वी मध आणि पीठ कालवून तो गोळा कित्येक आठवडे नुसता ठेवून देत. त्यात हळूहळू आम्लता येई आणि भाजण्याच्या वेळी घातलेल्या पोटॅश या क्षाराशी तिचा संयोग होऊन पीठ फुगे. मधामुळे कुकी वाळत नाही, उलट डब्यात मऊ होत जाते.

श्प्रिंगरले ही दक्षिण जर्मनीची बडीशेपेसारख्या वासाच्या अॅनिसची कुकी तर धीराची परीक्षाच घेते. अंडी आणि साखर पुष्कळ वेळ फेसून त्यात मैदा मिसळतात, पोळी लाटतात आणि तिच्यावर कोरीव लाकडी ठसा दाबतात. फुले, पक्षी, घोडेस्वार, जे कोरले असेल ते उमटते. मग चौकोन कापून ते रात्रभर, कधी पूर्ण दिवसभर, उघडे वाळत ठेवतात. वरचा थर कोरडा होऊन त्याचे कवच बनते. मंद आचेवर भाजताना हे कवच फुगत नाही, पीठ खालून वर चढते आणि ठशाखाली एक सच्छिद्र पाया तयार होतो, त्याला ‘पाय’ म्हणतात. नक्षी जशीच्या तशी, रंग पांढराच. पाय आला नाही तर वाळवणे कमी पडले असे समजायचे. ताजी श्प्रिंगरले दाताला बरीच कडक लागते, म्हणून दोन-तीन आठवडे डब्यात ठेवतात आणि सोबत सफरचंदाची फोड टाकतात. फोडीची ओल कुकीत उतरते.

या जुन्या पिठांत काही ठिकाणी अमोनियम कार्बोनेट वापरतात. त्याने कुकी अतिशय हलकी आणि कुरकुरीत होते, पण भाजताना अमोनियाचा झणझणीत वास येतो. पातळ कुकीतून तो पूर्ण उडून जातो. जाड, ओलसर पदार्थात अडकून बसतो, म्हणून केकमध्ये ते घालत नाहीत.

लांबच्या प्रवासाची गरजही अशाच पिठाला घेऊन येते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 25 एप्रिलला, पहिल्या महायुद्धातल्या 1915 च्या गॅलिपोली मोहिमेच्या स्मृतिदिनी, अँझॅक बिस्किटे करतात. अँझॅक हे त्या मोहिमेत लढलेल्या दोन्ही देशांच्या संयुक्त सैन्यदलाचे नाव. ओट्स, मैदा, साखर, बटर, गोल्डन सिरप म्हणजे साखरेचा दाट सोनेरी पाक आणि उकळत्या पाण्यात विरघळवलेला सोडा हे मुख्य घटक. अंडे नाही, त्यामुळे ती पुष्कळ टिकतात. ‘अँझॅक’ या शब्दाच्या वापरावर ऑस्ट्रेलियात 1921 पासून कायद्याने नियंत्रण आहे. बिस्किटांना परवानगी मिळते ती मूळ कृतीपासून फार दूर न जाण्याच्या अटीवर, आणि त्यांना ‘कुकी’ म्हणून विकलेले चालत नाही.

आठवड्याच्या आणि त्याच दिवसाच्या

बटरचे प्रमाण मोठे आणि पाणी जवळजवळ नाही, अशा खुसखुशीत कुकीज आठवडा-दोन आठवडे चांगल्या राहतात. स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड हा त्यांचा आदर्श नमुना. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, हे प्रमाण वजनात. वाटीने मोजले तर गणित फसते, कारण वाटीतला मैदा दाबून भरला की भुरभुरून, यावर त्याचे वजन बदलते. शॉर्टब्रेडचे नाते स्कॉटलंडमधल्या नववर्षाशी आहे. ऑस्ट्रियातील बदामाची चंद्रकोर ‘व्हॅनिलकिपफेर्ल’ याच घराण्यातली. ती गरम असतानाच व्हॅनिलाच्या पिठीसाखरेत घोळवतात, आणि घाई केली की हातात मोडते.

चॉकलेट चिप कुकीला सण नाही. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन येथे ‘टोल हाउस इन’ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी 1938 च्या सुमारास ती प्रसिद्धीस आणली. चॉकलेट वितळेल अशा समजुतीने तुकडे टाकले आणि चुकून नवा पदार्थ जन्मला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वेकफिल्ड गृहविज्ञानाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या होत्या, तेव्हा चुकीची ही गोष्ट पटायला कठीण जाते. ही कुकी भाजल्यावर तासाभरात सर्वांत चांगली लागते. म्हणून तिचे पूर्वनियोजन वेगळे: भाजलेली कुकी साठवायची नाही, कच्चे गोळे फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि लागतील तेवढे भाजायचे. पीठ फ्रिजमध्ये दिवसभर मुरल्यास मैदा ओल शोषून घेतो आणि चव खोल होते. हे कच्चे पीठ चाखण्याचा मोह मात्र टाळावा. अंड्याइतकाच कच्चा मैदाही जंतूंचा वाहक असू शकतो.

काय चालते, काय वर्ज्य

ग्रीसमधल्या नाताळच्या दोन कुकीज शेजारी ठेवल्या की पंचांगाचा हात स्पष्ट दिसतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत नाताळच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो आणि त्यात दूध, लोणी, अंडी वर्ज्य. मेलोमाकारोना ही कुकी ऑलिव्ह तेल आणि संत्र्याच्या रसात होते, मग मधाच्या पाकात बुडवून वर अक्रोडाचा चुरा. उपासाच्या काळातही ती चालते. तिच्या जोडीची कुराबिएदेस मात्र भरपूर लोण्याची, बदाम घातलेली आणि पिठीसाखरेत पुरलेली, उपास सुटल्यावरची. ती खाताना बोलू नये, साखर उडते.

ज्यूंच्या पासओव्हर या सणात आंबू शकणारे धान्य घरातच ठेवत नाहीत. साहजिकच त्या आठवड्यातली कुकी मैद्याविना होते: अंड्याच्या पांढऱ्या बलकात बदाम किंवा खोबरे मिसळून केलेले मॅकरून. त्याआधी महिनाभर येणाऱ्या पूरिम सणाला हामानटाशेन करतात. गोल चकतीच्या मध्यावर खसखशीचे किंवा फळांचे सारण ठेवून तीन कडा वर दुमडायच्या. सारण जास्त झाले किंवा कोपरे नीट चिमटले नाहीत तर ओव्हनमध्ये त्रिकोण उलगडतो आणि हातात उघडी टिकली येते.

पश्चिम आशियात मामूल हे रव्याचे भरलेले बिस्किट ईदला मुसलमानांच्या आणि ईस्टरला ख्रिस्ती लोकांच्या घरी होते. एकाच प्रदेशातले दोन उपास, रमझान आणि लेंट, संपतात तेव्हा तोच खाऊ. रवा तुपात चोळून रात्रभर मुरवतात, गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचे पाणी शिंपडतात, आत खजूर, अक्रोड किंवा पिस्ते भरतात आणि लाकडी साच्यात दाबून ओट्यावर आपटून काढतात. आत काय आहे हे बाहेरच्या आकारावरून कळावे म्हणून सारणागणिक साचा वेगळा.

हवेचा हात

दिनदर्शिकेतला ऋतू आणि स्वयंपाकघरातली हवा या दोन गोष्टी एकच नव्हेत. नाताळच्या बहुतेक कृती उत्तर गोलार्धातल्या कडाक्याच्या थंडीसाठी लिहिलेल्या आहेत. सिडनीत तीच कृती भर उन्हाळ्यात करायची म्हणजे बटर लाटण्याखालीच पाघळते. अशा वेळी पीठ दोन कागदांमध्ये लाटून कागदासकट गार करणे आणि मग आकार कापणे हा खात्रीचा उपाय. कागद नसल्यास लोक वरून मैदा भुरभुरत राहतात आणि कुकी कोरडी ठक्क होते.

दमट हवेत मैदा आधीच ओल धरून असतो, शिवाय भाजलेली कुकी उघडी राहिली की तासाभरात सादळते. मेरिंग (पांढरा बलक आणि साखर फेसून भाजलेला खाऊ) आणि पांढऱ्या बलकाच्या इतर कुकीज अशा दिवशी करूच नयेत. सादळलेल्या साध्या कुकीज 150 अंशांवर चार-पाच मिनिटे तापवून पूर्ण गार केल्या की पुन्हा कुरकुरीत होतात, आयसिंग असलेल्या मात्र नाहीत.

साचे आणि आयसिंग

नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, सेंट निकोलसच्या सणाला, स्पेकुलास करतात. दालचिनी, लवंग, जायफळ घातलेले आणि कोरीव पाटावरून उठवलेले. स्वीडनमध्ये पेपरकाकोर याच सुमारास, इतके पातळ की बोटाने दाबल्यावर तुकडे व्हावेत. आल्याच्या पिठाची घरे मात्र मुख्यतः पाहण्यासाठी असतात. 1812 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहातील हॅन्सेल व ग्रेटेलच्या गोष्टीशी त्यांचे नाते जोडले जाते. भिंतींच्या पिठात सोडा नसला तर बरे, म्हणजे कोपरे सरळ राहतात.

कापून केलेल्या कुकीज 5-6 मिलिमीटर जाड लाटतात आणि वर रॉयल आयसिंग देतात: अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. कच्चा बलक टाळायचा तर पाश्चराइज केलेला किंवा मेरिंग पावडर घेतात. कडेच्या रेघेसाठी आयसिंग घट्ट, आतल्या भागासाठी सैल. सैल किती, याची चाचणी सोपी आहे: सुरीने रेघ ओढली की ती दहा-पंधरा सेकंदांत मिटली पाहिजे. लवकर मिटली तर कडेवरून ओघळेल, उशिरा मिटली तर पृष्ठभाग खडबडीत राहील. एक रंग वाळल्यावरच शेजारचा भरावा, नाहीतर लाल-पांढऱ्याची गुलाबी होते.

पाच-दहा घरांचे डबे

कुकीज घाऊक करण्याची जुनी युक्ती म्हणजे काम वाटून घेणे. अमेरिकेतील नाताळच्या ‘कुकी एक्स्चेंज’मध्ये प्रत्येकजण एकच प्रकार डझनांनी करून आणतो आणि सगळ्यांचे थोडे थोडे घेऊन जातो. पिट्सबर्ग आणि यंग्सटाउन परिसरातल्या लग्नांत केकसोबत कुकीजचे आख्खे टेबल मांडतात. मावशा, आत्या, शेजारणी आठवडे आधीपासून खपत असतात आणि पाहुणे जाताना खोके भरून नेतात.

इतके प्रकार एकाच डब्यात ठेवले की सगळ्यांवर पाणी पडते. मऊ कुकीची ओल कुरकुरीत कुकी ओढून घेते; दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्याच मरगळलेल्या. मसाल्याच्या कुकीचा वास व्हॅनिलाच्या कुकीला लागतो. म्हणून कुरकुरीत, मऊ आणि मसाल्याच्या अशा तीन डब्यांची सोय करतात, थरांमध्ये बटर पेपर घालतात आणि कुकीज पूर्ण गार झाल्याखेरीज झाकण लावत नाहीत.