सीडी७१साठी नमुने आणताना: कंट्रोल त्याच दिवसाचा हवा

आमच्याकडे फ्लो सायटोमेट्रीला (अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणं) एचएल-६०चे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या ल्युकेमियाच्या पेशींचे, नमुने घेऊन येणाऱ्यांची तक्रार दोनपैकी एक असते. "पेशी पक्व झाल्या, पण ट्रान्सफेरिन रिसेप्टर कमी दिसतच नाही." किंवा, "इतका कमी दिसतोय की गाइडना खरं वाटेना." (सीडी७१ म्हणजे हाच ट्रान्सफेरिन रिसेप्टर.) दोन्ही वेळा पहिला संशय आमच्या यंत्रावर. यंत्र आम्ही रोज सकाळी बीड्स लावून तपासतो, नोंदवही मागितलीत तर दाखवू. घोळ बहुतेकदा कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींच्या, फ्लास्कमध्ये निघतो. दर वेळी फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक.

रिसेप्टर काय करतो हे तुम्हाला माहीत आहेच. लोहाचे दोन अणू घेऊन आलेलं ट्रान्सफेरिन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन) तो पेशीत ओढतो, आत पीएच साधारण ५.५ला उतरला की लोह सुटतं, आणि रिकामं ट्रान्सफेरिन घेऊन तो परत पृष्ठभागावर येतो. डीएनएचे घटक बनवणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एन्झाइमला लोहाशिवाय चालत नाही, म्हणून भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीच्या अंगावर हा रिसेप्टर दाट असतो. डीएमएसओ किंवा रेटिनॉइक आम्ल दिलं की एचएल-६० पाच-सहा दिवसांत ग्रॅन्युलोसाइटच्या (पक्व पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वळणावर जातात, विभाजन मंदावतं आणि रिसेप्टर उतरतो. १९८०च्या दशकापासून हे ठाऊक आहे. (थिसिसमध्ये एचएल-६०ला डोळे मिटून प्रोमायलोसाइटिक लिहू नका. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाची खूण असलेलं १५;१७ ट्रान्सलोकेशन, म्हणजे त्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, तिच्यात नाही. परीक्षक नेमकं तेवढंच विचारतात.)

गोची अशी की रिसेप्टर उतरायला पेशी पक्वच व्हावी लागते असं नाही. वाढ थांबली तरी तो उतरतो.

आता नेहमीचं दृश्य सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी बर्फाच्या डब्यात दोन नळ्या येतात. एकीवर 'डीएमएसओ, दिवस ५', दुसरीवर नुसतं 'कंट्रोल'. हा कंट्रोल कुठला, असं विचारलं की कळतं, पाच दिवस न हलवलेल्या फ्लास्कमधला. मीडियम लिंबासारखं पिवळं झालेलं, मोजणी केली तर मिलिलिटरला वीस-पंचवीस लाख पेशी. त्या बिचाऱ्यांची वाढ केव्हाच थांबलेली, रिसेप्टर त्यांचाही उतरलेला. मग फरक दिसणार कुठून? याच्या उलट काही जण सोमवारीच कंट्रोल फिक्स करून ठेवतात आणि शुक्रवारच्या नमुन्याशी ताडतात. तिथे फरक डोळ्यात भरतो, पण त्यात पक्वतेचा वाटा किती आणि पाच दिवसांच्या कल्चरचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून दोन्ही फ्लास्क एकाच दिवशी, एकाच स्टॉकमधून, मिलिलिटरला २ लाखांनी लावा. कंट्रोल १० लाखांच्या वर जाऊ देऊ नका. तो भराभर वाढतो, तेव्हा मध्ये एकदा पातळ करावाच लागतो, आणि त्या दिवशी दुसऱ्या फ्लास्कलाही ताजं मीडियम द्या. डीएमएसओच्या फ्लास्कमध्ये ते १.२५ टक्केच राहील हे बघा, नाहीतर पातळ करण्याच्या नादात औषधच पातळ होतं. काढणी एकाच तासात. एवढं केलंत तर निम्मे फोन वाचतील, तुमचेही आणि आमचेही.

टीपीए (पेशी पक्व करणारं आणखी एक रसायन) वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पेशी तळाला चिकटतात, मग हात आपोआप ट्रिप्सिनकडे, चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमकडे, जातो. ट्रिप्सिन या रिसेप्टरचा बाहेरचा भाग सरळ कापून टाकतं. तुम्ही मोजता ती ट्रिप्सिनची करामत, पक्वता नव्हे. थंड ईडीटीए आणि रबरी स्क्रेपर वापरा. वर तरंगणाऱ्या पेशीच तेवढ्या आणल्यात तर ज्या बदलल्याच नाहीत त्या आमच्याकडे येतात. शिवाय टीपीए दिल्यावर काही मिनिटांतच रिसेप्टर पृष्ठभागावरून आत खेचला जातो. तासाभरात दिसलेल्या घसरणीला पक्वता म्हणू नका.

के-५६२ (ल्युकेमियाच्याच दुसऱ्या पेशी) आणि हेमिन (त्यांना लाल पेशींच्या वाटेवर नेणारं, लोह असलेलं संयुग) असेल तर आधी फोन करा. हेमिनमधून पेशीला लोहच मिळतं, आणि लोह भरपूर झालं की रिसेप्टरचा एमआरएनए (तो बनवण्याचा संदेश) टिकत नाही. डेफेरॉक्सामिनने लोह बांधून टाकलं तर उलट रिसेप्टर चढतो. म्हणजे इथे लोहाचा परिणाम आणि पक्वतेचा परिणाम एकमेकांत गुंतलेले. त्यातून लाल पेशींच्या वाटेवर हिमोग्लोबिन भरायचं असतं, त्यामुळे निरोगी मज्जेत हा रिसेप्टर रेटिक्युलोसाइटपर्यंत टिकून असतो. 'पक्व झाली म्हणजे उतरला' हा नियम सगळीकडे लावता येत नाही.

"नुसती टक्केवारी द्या ना" असा आग्रह होतो. आम्ही देतो, पण सोबत मीडियन (पेशींच्या चमकेची मधली किंमत) दिल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. सीडी७१ सुरुवातीला जवळपास प्रत्येक पेशीवर असतो. तो निम्म्यावर आला तरी पेशी 'पॉझिटिव्ह'च मोजली जाते, टक्केवारी जेमतेम हलते. आयसोटाइपची (कशालाही नेमकी न चिकटणारी, तुलनेसाठीची अँटिबॉडी) आणि मृत पेशींच्या रंगाची नळी वेगळी का लावतो, त्याचे पैसे का घेतो, हेही विचारलं जातं. पाचव्या दिवशी मेलेल्या पेशी कमी नसतात, आणि मेलेली पेशी कुठलीही अँटिबॉडी धरून बसते. परमिअबिलाइझ केलेले (पेशीचं आवरण सच्छिद्र केलेले) नमुने सीडी७१साठी आणू नका. पेशीच्या आतला साठाही रंगतो आणि पृष्ठभागावर किती होता ते कळत नाही.

सीडी७१सोबत सीडी११बी (पक्व होताना पेशीवर येणारी खूण) लावण्याचा आमचा सेट आहे. सुट्या दोन चाचण्यांपेक्षा स्वस्त पडतो, आणि पेशी खरोखर बदलल्या की नुसत्या थांबल्या हे त्याच नळीत दिसतं. फ्लास्क कसे लावायचे याची आखणी हवी असेल तर नमुना आणण्याच्या आठवडाभर आधी या, त्याचे पैसे घेत नाही.

प्रत्येक नळीत किमान ५ लाख पेशी, बर्फात, नळीवर तारीख आणि मोजणी लिहिलेली. नुसतं 'कंट्रोल' लिहिलेली नळी परत मिळेल. शुक्रवारी दुपारी तीननंतर नमुने घेत नाही.