पर्यावरण भागीदारीचा लोगो वापरायचाय? आधी पत्र, मग छपाई

मे महिना संपत आला की आमच्या डीटीपीच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. "लोगो व्हॉट्सअॅपवर टाकलाय बघा, तेवढा मोठा करून खाली लावा." ५ जूनचा पर्यावरण दिन आठवड्यावर आलेला असतो, कुणाला तलाव साफ करायचा असतो, कुणाला शाळेत रोपं वाटायची असतात, आणि बॅनर उद्या सकाळी हवा असतो. लोगो असतो नदी, जंगल किंवा कचरा या विषयावर काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या भागीदारीचा. मी विचारतो, परवानगीचं पत्र आहे का? उत्तर ठरलेलं: "आम्ही त्यांच्यातलेच की!"

त्यांच्यातले असाल, पण सभासदत्व वेगळं आणि लोगो वापरायची परवानगी वेगळी. ती परवानगी संस्थेला कायमची मिळत नाही, एका ठरावीक कामासाठी मिळते. गेल्या वर्षी रॅलीसाठी मिळालेलं पत्र यंदाच्या टी-शर्टला चालत नाही, एवढं समजलं तरी निम्मे घोळ टळतात.

भागीदारी म्हणजे इथे धंद्यातली पार्टनरशिप नव्हे. काही स्वयंसेवी संस्था, एखादं कॉलेज, नगरपालिका, कधी एखादी कंपनी असे सगळे एका नावाखाली आणि एका चिन्हाखाली काम करतात, ती ही भागीदारी. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ती बहुतेक वेळा दोन्ही राज्यांत पसरलेली असते, कारण नद्याच तशा आहेत. हिरण्यकेशी आंबोलीत उगवते आणि संकेश्वरवरून पुढे जाते. दूधगंगा, वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी-चिकोडीकडे येतात. मग त्याच एका लोगोचा बॅनर गडहिंग्लजला मराठीत लागतो आणि संकेश्वरला कन्नडमध्ये, आणि दोन्हीकडचे डीटीपीवाले आपापल्या मनानं त्याला सजवतात.

अर्ज कोण करू शकतं

प्रत्येक भागीदारीची स्वतःची नियमावली असते, ती आधी मागून घ्या. तरी साधारण रीत अशी: करारावर सही केलेले भागीदार लोगो आपल्या लेटरहेडवर आणि वेबसाइटवर लावू शकतात. नुसते सहयोगी असाल, म्हणजे युवक मंडळ, स्त्रीशक्ती संघ, शाळेचा इको क्लब, तर कार्यक्रमापुरती परवानगी मिळते. लोगो लावून देणगी गोळा करायची असेल किंवा वस्तू विकायची असेल तर तो वेगळा अर्ज, आणि तिथं छाननी कडक असते. निवडणुकीचा प्रचार, पक्षाचा कार्यक्रम, एखाद्याच्या वाढदिवसाचा फलक यांना नकारच येतो. वाढदिवसाला झाडं लावली तरी.

दुकानदारांनी एक लक्षात ठेवावं. कापडी पिशवीवर भागीदारीचा लोगो छापून 'पर्यावरणपूरक' लिहिलं की तो दावा ठरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, दाव्याला पुरावा लागतो. मातीच्या मडक्याचं चिन्ह तर त्याहून वेगळं. तो इकोमार्क. तो १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, आणि निकषांत बसणाऱ्या वस्तूलाच तो मिळतो. छान दिसतो म्हणून पत्रकावर टाकायचा नाही.

कागदपत्रं

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, कार्यकारिणीचा ठराव. ठरावात 'लोगो वापरण्यास मंजुरी' एवढंच मोघम नको. कोणता कार्यक्रम, कोणत्या तारखेला, कशावर छापणार, किती प्रती, आणि पत्रव्यवहार कोण करणार, हे सगळं त्यात यावं. मंडळ नोंदणीकृत नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पत्रानं अर्ज करा.

नावाचं एक आमच्याकडचं खास दुखणं. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या संस्थांच्या नोंदणीवर बेळगाव, पॅनवर वेगळं स्पेलिंग, लेटरहेडवर तिसरंच. अर्जात नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तेच नाव अक्षरन् अक्षर लिहा. बाकी ठिकाणी वेगळं असेल तर अर्जाच्या पत्रात एका ओळीत खुलासा करा. यासाठी अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

यासोबत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रूफ. जे छापणार त्याचा कच्चा नमुना, लोगो नेमका जिथं बसणार तिथं बसवून, पीडीएफमध्ये जोडायचा. लोक म्हणतात आधी परवानगी येऊ दे, मग डिझाइन करू. उलटं आहे. परवानगी त्या डिझाइनलाच मिळते. कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज गेला तर दुरुस्तीला वेळ उरतो.

फाइल मागा, फोटो नको

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळासाठी चाळीस कापडी बॅनर केले. लोगो ग्रुपवर फिरलेल्या फोटोतून उचलला, कडा ट्रेस करून साफ केल्या, हिरवा डोळ्यानं जुळवला. बॅनर कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पोचले आणि तिथं आलेल्या समन्वयक बाईंनी एकच बॅनर उलगडून विचारलं, "दादा, खाली हे कुणाचं नाव?" लोगो जुना होता. खालच्या बारीक ओळीत दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या प्रायोजकाचं नाव होतं, आणि ट्रेस करताना मी ते जपून, अगदी ठळक करून ठेवलं होतं. चाळीसही परत आले. पैसे अर्थातच माझे गेले.

तेव्हापासून नियम केला. लोगो भागीदारीच्या कार्यालयाकडून ईमेलनं आलेलाच घ्यायचा, कर्व्ह केलेली फाइल, म्हणजे जिच्यात अक्षरांचे आकार करून टाकलेले असतात आणि फॉन्ट लागत नाही, सोबत रंगांचे सीएमवायके आकडे, म्हणजे छपाईच्या चार शायांचं प्रमाण. कर्व्ह का? मराठी अक्षरं श्रीलिपी फॉन्टमध्ये, कन्नड नुडीमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की संस्थेचं नाव इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडतं. मराठीचं बिघडलं तर माझ्या लक्षात येतं, पण कन्नडमधलं एखादं ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडून येणारं अक्षर, गळालं तर आमच्या पोराला कळत नाही. म्हणून कन्नड प्रूफ कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून, त्याची सही घेऊनच पुढे.

बसवताना लोगो फक्त कोपऱ्यातून ओढून लहान-मोठा करायचा, बाजूनं ताणायचा नाही. कमानीच्या लांबट पट्टीत बसत नाही म्हणून गोल लोगोचा लंबगोल झालेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. भोवती नियमावलीत सांगितलेली मोकळी जागा सोडायची, म्हणजे तिथं पाहुण्यांचे फोटो घुसवायचे नाहीत. गडद कापडावर रंगीत लोगो विझतो, तिथं पांढरी एकरंगी आवृत्ती मागून घ्या. कोऱ्या मांजरपाटावर शाई फुटते, बारीक अक्षरं भरून जातात, त्यामुळे नियमावलीतल्या किमान मापाच्या दुप्पट घेतलेलं बरं. इतर भागीदारांचे लोगो शेजारी लावताना क्रम कार्यालयाकडून लिहून घ्यावा. हा मानापानाचा मामला आहे, डीटीपीवाल्यानं त्यात पडू नये.

भाषेचं असं की चिन्ह बदलत नाही, खालचं नाव बदलतं, आणि ते नावही मंजूर झालेलंच. आपण घरच्या घरी भाषांतर करून लावायचं नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन मंजूर आवृत्त्या एकदाच मागून ठेवा. संस्थेचा कायमचा नामफलक करत असाल तर कर्नाटकच्या कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायद्यातली २०२४ ची दुरुस्ती पाहा: फलकावर ६० टक्के कन्नड, आणि ते वरच्या भागात. यावर आपल्याकडे मतं तीव्र आहेत, माझंही आहे, पण लोगोच्या अर्जात तो वाद आणून उपयोग नाही. फलकाचा नमुना या हिशेबानं मांडून मगच मंजुरीला पाठवा, नाहीतर मंजुरी मिळूनही फलक उतरवायची वेळ येते.

आणि फ्लेक्स नको. कर्नाटकात मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक पिशव्यांबरोबर प्लास्टिकचे फ्लेक्स, बॅनर, पताका यांच्यावरही बंदी आली. चौकाचौकात काय दिसतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण प्लास्टिकविरोधी मोहिमेचा लोगो फ्लेक्सवर छापणं म्हणजे हसं करून घेणं. रस्त्यावर कापडी बॅनर लावायलाही महापालिकेची किंवा पंचायतीची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते.

सरकारी चिन्हं

महापालिका सोबत आहे म्हणून कर्नाटकच्या राज्यचिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड किंवा सिंहांची राजमुद्रा बॅनरवर चढवू नका. राजमुद्रेसाठी २००५ चा आणि एकूण सरकारी चिन्हं-नावांसाठी १९५० चा कायदा आहे. संयुक्त राष्ट्रांचं चिन्हही १९५० च्या कायद्याच्या यादीत येतं. स्वच्छ भारतचा चष्मा आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलेला, म्हणून आपुलकी वाटते, पण तोही मोहिमेचा अधिकृत लोगो आहे, शोभेची नक्षी नव्हे.

भागीदारी तुमचीच असेल तर

स्वतःचा लोगो करून घेत असाल तर पहिलं काम डिझायनरशी. पैसे दिले म्हणून लोगो आपोआप तुमचा होतो असं धरून चालू नका. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी लिहून घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मी स्वतः लोगो करून देतो, तरी हे गिऱ्हाइकाला सांगतो.

मग ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली नोंदणी. अनेक संस्थांनी मिळून वापरायचं चिन्ह 'सामूहिक चिन्ह' म्हणून नोंदवता येतं. गंमत अशी की १९३२ च्या कायद्याखालच्या भागीदारी पेढीला ते मिळत नाही, म्हणून नावात भागीदारी असली तरी अर्जदार नोंदणीकृत सोसायटी किंवा संघटना असावी. सोबत नियमावलीचा मसुदा लागतो: चिन्ह कोण वापरेल, सभासद कसं व्हायचं, गैरवापर झाला तर काय. अर्ज टीएम-ए नमुन्यात. संस्थेला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला, म्हणजे वस्तू-सेवांच्या ठरलेल्या गटाला, ९,००० रुपये, म्हणून वर्ग मोजून निवडा. जनजागृती आणि प्रशिक्षणाला ४१, कचऱ्यावर प्रक्रियेला ४०, छापील साहित्याला १६.

सीमाभागातला फरक इथंही आहे. अर्जदाराचं मुख्य ठिकाण बेळगाव असेल तर ट्रेडमार्क कार्यालय चेन्नईचं, कोल्हापूर असेल तर मुंबईचं. दोन्हीकडे संस्था असतील तर अर्जदार कोण हे बैठकीत आधीच ठरवा. तपासणी अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला चार महिने, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत टीएम लिहा. वर्तुळातला आर आधीच लावला तर कायद्यानं दंड होऊ शकतो.

कार्यक्रम झाला की बॅनर लावलेल्याचे दोन फोटो आणि उरलेल्या प्रतींचा आकडा भागीदारीच्या कार्यालयाला पाठवा, पुढचा अर्ज त्यावर लवकर हलतो. परवानगीच्या पत्राची एक झेरॉक्स छापणाऱ्याकडे द्या, मी ती जॉब कार्डाला टाचून ठेवतो. आणि ग्रुपवरचा तो जुना फोटो डिलीट करा. पुढच्या मे महिन्यात कुणीतरी तोच फॉरवर्ड करणार आहे.