शंभरच्या स्पीडला गाडी नेमकी कुठं थांबते?

मागच्या उन्हाळ्यात भाचा गावाकडं आला होता. वय एकोणीस, बुडाखाली दोनशे सीसीची गाडी आणि तोंडात सारखं एकच, "मामा, ब्रेकवर माझा फुल कंट्रोल आहे." आमचं गाव गेवराईकडं, धुळे-सोलापूर हायवे जवळच. रात्री अकरानंतर तिकडं पोरं रेस लावतात, कधी पाचशेची पैज कधी ढाब्यावरची पार्टी, आणि हा पण जायलाय हे मला चहाच्या टपरीवाल्याकडनं कळलं. रागावून काय उपयोग नव्हता, ते त्याच्या आईनं करून बघितलं होतं. मग मी कबड्डीच्या रेघा मारायची फक्की आणली आणि त्याला घेऊन शेताच्या रस्त्यावर गेलो.

म्हणलं, "तू शंभरनं चाललास, इथं असताना तुला पुढं ट्रॉली दिसली. गाडी कुठं थांबंल तिथं दगड ठेव." त्यानं रुबाबात पंचवीस पावलं मोजली आणि दगड ठेवला. म्हणजे धरा वीस मीटर.

आता हिशोब बघा. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसणं, ते काय आहे हे मेंदूला कळणं आणि मग बोटं ब्रेकवर दाबली जाणं, याला चांगल्या सावध माणसाला पण सेकंद-दीड सेकंद लागतो. दीड सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढं गेलेली असते, त्याच स्पीडनं. मग ब्रेक लागतो, आणि कोरडा रस्ता, टायर चांगलं, हात न घाबरलेला, असं सगळं जमून आलं तर अजून 56 मीटर. एकूण 98. त्याचा दगड होता तिथं तर त्यानं अजून ब्रेकला बोट पण लावलेलं नव्हतं.

"आणि पावसात?" त्यानंच विचारलं. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्याच्या आसपास येते, मग 150 मीटर धरून चाला. तिथवर फक्की पुरली नाही. आणि आपल्याकडं नुसतं पाणी नसतंय, शेतातनं निघालेलं ट्रॅक्टर चाकाची काळी माती डांबरावर सोडत जातं, त्यावर दोन थेंब पडले की साबण. टायर रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं, सगळा कंट्रोल तेवढ्यावरच.

यातली खरी मेख म्हणजे गणितातला वर्ग. स्पीड दुप्पट केला की ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, कारण गाडीतली ऊर्जा स्पीडच्या वर्गानं वाढते. एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. एक गाडी 70 ने आणि एक 100 ने बरोबरीनं चालल्यात आणि दोघांनी एकाच क्षणाला ट्रॉली बघितली. 70 वाली जिथं पूर्ण थांबते, त्याच जागेवर 100 वाली अजून 85 च्या स्पीडनं चाललेली असते. पोरांना वाटतं तीसचाच तर फरक आहे. अजून एक, 100 नं आदळणं म्हणजे साधारण 39 मीटरवरनं खाली पडणं. पैठणचं जायकवाडी धरण पायापासून 41 मीटरच्या आसपास आहे, बघा म्हणजे अंदाज येईल. चांगल्या हेल्मेटनं डोक्याची दुखापत 69 टक्के आणि मरणाचा धोका 42 टक्के कमी होतो असं अभ्यास सांगतात, पण रेसमधली निम्मी पोरं ते आरशाला अडकवतात.

रात्रीचं तर वेगळंच. डिपरचा उजेड चाळीस-पन्नास मीटर, थांबायला लागणार 98, म्हणजे जे दिसलं त्याला धडकणारच. त्यात ऊसाचा सीझन, मागं रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रांगत चाललेल्या.

मग एवढं असून पोरं जातात कामून? मूर्ख नसतात हो ती. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातल्या लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या टीमनं 2005 मध्ये एक प्रयोग छापला होता. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं का पुढं दामटायचं. एकट्यानं खेळताना पोरं बरीच सांभाळून खेळली, दोस्त बघायला बसवले की जास्त धोका घ्यायला लागली, आणि चोविशीच्या पुढच्या लोकांवर दोस्तांचा तसा परिणाम दिसला नाही. नंतर मेंदूचे स्कॅन काढले तर दोस्त बघतायत म्हणल्यावर बक्षिसाची चटक असणारा भागच जास्त पेटतोय. लगाम खेचणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो.

म्हणून माझं मत असं की रेस दोन गाड्यांत नसतेच, ती दुभाजकावर मोबाइल धरून बसलेल्या तीस जणांसाठी असते. कायदा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रेस लावताना पहिल्यांदा सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 दंड किंवा दोन्ही. पोरगं अल्पवयीन असलं तर 199अ खाली बाप किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड. पण पोलिसांची जीप मागं लागली की रेस अजून वाढते, त्यापेक्षा जमायच्या जागेवर दिवे लावा, नाकाबंदी तिथं करा, गर्दी पांगवा. पोलीस कर्कश आवाजाच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते पण मला पटतं, आवाज हाच तर तमाशाचा ढोल. स्पीड ब्रेकरचं मात्र सांगू नका, नियमात 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा असतो, आपल्याकडं डांबराचा ढीग टाकतात आणि त्यावर म्हातारी माणसं पडतात.

आणि पळवायची हौस काय आजची नाही. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये अटी घालून हिरवा कंदील दिलाच ना, पळायची पट्टी वेगळी, बघणारे बाजूला. अमेरिकेत रस्त्यावरच्या रेसा मैदानात न्याव्यात म्हणून 1951 मध्ये हॉट रॉडवाल्यांची, म्हणजे गाड्यांत फेरफार करून पळवणाऱ्यांची, संघटनाच निघाली होती. आपल्याकडं वाळूजला 1985 पासून गाड्या बनतायत, आणि आमच्या तालुक्यातल्या पोरांना त्या पळवायला मैदान नाही.

परवा टपरीवाल्याला विचारलं भाचा येतो का अजून. म्हणला, "येतो की. गाडी नाही पळवत आता, कडंला उभं राहून शूटिंग काढतो."