कारखान्यातलं इथरनेट: केबल एकच, मग प्रोटोकॉल इतके का?

प्रोफिनेट, इथरकॅट, इथरनेट/आयपी हे कारखान्यातल्या मशीनमधल्या डेटा देवाणघेवाणीचे प्रोटोकॉल, म्हणजे नियम. सगळ्यांना तीच इथरनेट केबल चालते पण एकाचं दुसऱ्याशी थेट जमत नाही, मध्ये गेटवे, म्हणजे एकाचं दुसऱ्यात भाषांतर करणारा डबा, लागतोच. ह्याचं कारण कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी नेटवर्क वगैरे नव्हतंच, प्रत्येक सेन्सरपासून पॅनेलपर्यंत वेगळी वायर, अॅनालॉग असेल तर सेन्सरचं माप ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात जायचं. १९७९ ला मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (मशीन चालवणारा कंट्रोलर) मॉडबस हा प्रोटोकॉल काढला, १९८७ ला जर्मनीत प्रोफिबसचं काम सुरू झालं, मग ९० च्या दशकात डिव्हाइसनेट वगैरे. सगळ्यांचं मिळून एकच आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड करू म्हणून आयईसी ६११५८ वर वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि शेवटी निघालं काय, तर एकाच स्टँडर्डच्या पोटात ८ वेगवेगळे प्रकार! माझ्या मते खरी संधी तिथेच गेली, कारण पुढे इथरनेट आलं तेव्हा प्रत्येकाने आपापलं जुनं घोडं त्यावर दामटलं.

इथरनेट तसं १९७३ चं, झेरॉक्सच्या लॅबमधलं, १९८३ ला आयईईई ८०२.३ हे स्टँडर्ड झालं. स्वस्त आणि फास्ट, तरी शॉप फ्लोअरवर त्याच्यावर भरवसा नव्हता आणि ते बरोबरच होतं, कारण दोघांनी एकदम डेटा टाकला की टक्कर व्हायची आणि मग दोघंही रँडम वेळ थांबून परत पाठवायचे. ईमेल जरा उशिरा आला तर चालतं, पण एकमेकांशी सिंक असलेल्या सर्व्हो मोटरना (अचूक हालचाल करणाऱ्या) ते अजिबात चालत नाही. स्विच (प्रत्येक फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, योग्य वायरवर पाठवणारा डबा) आणि फुल डुप्लेक्सने (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) टक्कर गेली खरी, पण स्विचमधली रांग राहिलीच, म्हणजे फ्रेम नक्की कधी पोचेल ह्याची गॅरंटी नाहीच.

त्यावर प्रत्येकाने आपलं उत्तर शोधलं. मॉडबस टीसीपी सगळ्यात साधा, जुन्याच मेसेजचा सीआरसी (चूक पकडणारा कोड) काढला, पुढे ७ बाइटचं हेडर लावलं, टीसीपीच्या पोर्ट ५०२ वर पाठवून दिला, टाइमिंगच्या भानगडीत पडलाच नाही. इथरनेट/आयपीने डिव्हाइसनेटमधलाच सीआयपी (डेटाची मांडणी आणि अर्थ ठरवणारा प्रोटोकॉल) इंटरनेटवरच्या नेहमीच्या टीसीपी-यूडीपीवर बसवला. प्रोफिनेटने रिअल-टाइम डेटासाठी आयपी (इंटरनेटच्या पत्त्यांचा थर) बाजूला ठेवून थेट इथरनेट फ्रेम वापरली.

मला सगळ्यात आवडतं ते बेकहॉफ कंपनीने २००३ ला आणलेलं इथरकॅट. मास्टर, म्हणजे मुख्य कंट्रोलर, एकच फ्रेम सोडतो, ती एकामागून एक सगळ्या ड्राइव्हमधून (मोटर चालवणारी युनिट) जाते, आणि ड्राइव्ह ती साठवून न ठेवता, फ्रेम पुढे सरकत असतानाच आपले बाइट वाचून घेतो आणि आपला फीडबॅक त्यातच भरतो, शेवटच्या ड्राइव्हपासून फ्रेम परत मास्टरकडे. मास्टरला साधं नेटवर्क कार्ड पुरतं, पण स्लेव्हला, म्हणजे ड्राइव्हसारख्या युनिटला, स्पेशल चिप लागते.

आता टीएसएन (टाइम-सेन्सिटिव्ह नेटवर्किंग, इथरनेटमध्ये वेळेची हमी आणणारी स्टँडर्ड्स) आलंय, २०१५ च्या ८०२.१क्यूबीव्ही ह्या स्टँडर्डमुळे स्विचच ठरलेल्या वेळी ठरलेल्या ट्रॅफिकला वाट देतो, म्हणजे वेळेची गॅरंटी स्टँडर्ड इथरनेटमध्येच आली. पण फ्रेमच्या आतल्या डेटाचा अर्थ कसा लावायचा हे टीएसएन सांगत नाही, ते अजून ज्याचं त्याचं वेगळंच आहे, त्यामुळे गेटवे एवढ्यात तरी पॅनेलमधून निघत नाहीत.